चिंगीचे मेसेज

३ सप्टेंबर
पास झाला! कायदा पास झाला! दुकानात गिऱ्हाईकाच्या चष्म्याची काच पुसत होते, तिथंच रडू कोसळलं. दोन हजार सह्या गोळा केल्या होत्या मी, दारोदार हिंडून. त्या मेल्यानं ॲपवर मेसेज करकरून माझ्या चिंगीला वर्षभर छळलं — पंधरा वर्षांची पोर! — आणि पोलिसांचं एकच पालुपद: "मेसेज कुलूपबंद असतात, आम्हाला वाचता येत नाहीत." आता येतील. पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक मेसेज आधी मशीन तपासणार.

नवरा म्हणाला, "प्रत्येकाचा?"
म्हटलं, आपल्याला काय लपवायचंय!

१९ सप्टेंबर
चिंगी आज पोटभर जेवली. समुपदेशक बाईंना रोज मेसेज करते. समोर बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही, पण लिहिते. काय लिहिते, विचारत नाही. बाईंनी बजावलंय — "तिचं तिच्याजवळ राहू द्या."

११ ऑक्टोबर
दोन पोलीस आले, साध्या कपड्यांत. हातात कागदांचा गठ्ठा. मला वाटलं, सापडला मेला!

तो नव्हताच. मशीननं चिंगीचेच मेसेज पकडलेत. त्यानं तिला काय काय करायला लावलं, ते तिनं बाईंना लिहिलं होतं. बाईंनी धीर देत देत विचारलं होतं. मशीनला काय कळतंय! 'अल्पवयीन मुलीशी अश्लील संभाषण.' संशयित — बाई!

खात्री करायची म्हणून दोघांतल्या पोलीसबाईंनी मोठ्यानं वाचायलाच घेतलं. बाप समोर बसलेला. तिसऱ्या ओळीला तो उठून बाथरूममध्ये गेला. नळ सोडल्याचा आवाज. चिंगी भिंतीकडे बघत होती.
मी ओरडले, "पुरे!"
तर म्हणतात कशा — "ताई, तुम्ही लोकांनीच मागितला ना कायदा?"

१२ ऑक्टोबर
बाईंचा फोन जप्त. चौकशी संपेपर्यंत काम बंद.

१५ ऑक्टोबर
चार दिवस चिंगी खोलीबाहेर आली नाही. शेवटी तिच्या दारात उभी राहून म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच केलं गं."
"आई, त्यालापण माझं सगळं जाणून घ्यायचं असायचं."
दार लावून घेतलं.

३० ऑक्टोबर
ठाण्यावर जाऊन त्या मेल्याची चौकशी केली. "असले लोक आता या ॲपवर लिहितच नाहीत, ताई."

९ नोव्हेंबर
चिंगी शाळेत गेल्यावर तिची गादी उचलली. खाली वही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत — आई, पुढे वाचू नकोस.

मी पान उलटलं.