राज्य वाटून दिल्यावर

६ एप्रिल, रविवार
इथे अमेरिकेत, लेकीच्या बॉथेलात आज पाऊस नाही. मागच्या वाफ्यात मेथी टाकली. सुधा म्हणे, "आई, गुडघे बघ आधी." लेक असून सासूसारखी बोलते.
नात कॉलेजातून आलीय. ताराचा पेपर रोमच्या बादशहावर. डायोक्लेशियन. तोंडात बसत नाही, मी डायो म्हणते. राज्य एकट्याला झेपेना म्हणून चौघांत वाटलं. आजारी पडला तर आपणहून गादी सोडली, गावी जाऊन भाजी लावली. परत ये म्हणाले, तर म्हणे माझे कोबी बघा, मग बोला.
"दॅट्स सो यू, आजी."
माणूस आवडला. मी तरी पुण्याची खानावळ सोडलीच की. सकाळचे डबे थोरल्या सुनेला, संध्याकाळचे धाकटीला. कटकट नको.

९ एप्रिल, बुधवार
धाकटीचा फोन. थोरलीने गोडा मसाला कपाटात घालून कुलूप लावलंय. संध्याकाळची आमटी वेगळी लागते, गिऱ्हाईक कुरकुरतं. "आई, तुम्ही या. दोघींना समोर बसवा."
म्हटलं, माझी मेथी उगवतेय. ठेवला फोन. मग ओटा दोनदा पुसला. स्वच्छच होता.

१२ एप्रिल, शनिवार
थोरलीने शांताला काढलं. पहिल्या दिवसापासून माझ्याकडे पोळ्या लाटायची. गुन्हा काय, तर धाकटीला वाटीभर मसाला काढून दिला.
थोरलीला फोन लावला. "आई, आमच्यावर सोपवलंय ना तुम्ही? मग राहू दे की." आवाज गोड. पुन्हा लावला, उचलला नाही. मेसेज टाकला. वाचलाय. उत्तर नाही.

१३ एप्रिल, रविवार
ताराला विचारलं, तुझ्या डायोचं पुढे काय.
"इट गेट्स सॅड, आजी."
सांग म्हटलं. त्याच्या लेकीला नव्या राजाने हाकलून दिलं, दारोदार केलं. म्हाताऱ्याने निरोप धाडले, माझी मुलगी माझ्याकडे पाठवा. कोणी ऐकलं नाही. तसाच मेला.
"मग स्वतः का नाही गेला?"
"ही वॉज ओल्ड. अँड सिक."
हं.
सुधा आतून, "तू गेलीस म्हणून त्या दोघी सुधारणारेत का?"
नाहीत बहुतेक. पण वाटणी मी केली. मसाला कोणाकडे, शांता कोणाची, हे सांगायचंच राहिलं. विमान पकडायची घाई होती.

१५ एप्रिल, मंगळवार
शांताला फोन केला. "वहिनी, एवढ्या लांबून नका येऊ. मी बघते कुठेतरी." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.
सुधाला तिकीट काढायला बसवलं. तोंड फुगवून बसली.
"रिटर्न कधीचं टाकू?"
म्हटलं, शांता परत लाटायला बसली की.
"आई, तिथे तारीख लागते."