काळी मुंगी की लाल

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी भाजीवाली म्हणाली, काकू, रागावलासा व्हय? कालची मेथी खराब निघाली काय? मेथी चांगली होती. दुपारी बँकेत खिडकीपलीकडच्या पोराने आपणहून सॉरी म्हटलं. मी तोंडही उघडलं नव्हतं. नुसती उभी होते.

संध्याकाळी ऑफिसात निखिलने माझा मागच्या आठवड्याचा व्हिडिओ लावला. निखिल आमचा नवा संपादक, माझ्या लेकीहून लहान. सदर आता नुसतं छापून भागत नाही, मोबाइलवर वाचूनही दाखवायचं. खाली लोकांनी लिहिलेलं: 'काकू लय चिडल्यात.' 'घरात भांडान झालंय वाटतं.' लेख होता छत्र्या दुरुस्त करणाऱ्यांवर. चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

निखिल म्हणाला, पाडव्यापासून सगळी सदरं नव्याने सुरू करतोय, एक मुलगी मिळाली आहे, छान वाचते. मग, "ताई, शब्द तुमचेच. फक्त चेहरा तिचा."

मी 'बघू' म्हटलं. तीस वर्षं या धंद्यात हेच म्हणत आले, आवाज न चढवता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मजकूर दिला. वेळेत.

मग आरसा. खिडकीपाशी, चष्मा लावून. चेहऱ्यावर राग नाही. वरचा ओठ नाही. म्हणजे आहे, पण आत वळलाय, खालचा त्याच्या मागे निघालाय. कोपरे उतरलेत. वर उभ्या रेघा, लिपस्टिक त्यातून नाकाकडे चढते. तोंड मिटलं की कुणाला तरी झापून नुकतीच गप्प झालेय असं दिसतं. साठीपर्यंत कुणाला झापलं नाही. आता न झापता श्रेय मिळतंय.

नवऱ्याला, बा.ना, विचारलं, माझे ओठ पूर्वी कसे होते. ते हळदीचे भाव बघत होते. अडतीचं दुकान मुलाकडे दिलं तरी त्यांचा हा वाचनतास चुकत नाही. वर न बघता म्हणाले, "का? परत बघायला येणारेत काय कोण?" आणि स्वतःच हसले. मी हसले नाही.

"रागावलीस?"

नव्हते. त्या क्षणापासून आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

विश्रामबागेत त्वचेच्या डॉक्टरीणबाई. नाव मृणालने पुण्याहून शोधून दिलं. देताना म्हणाली, हल्ली सगळ्याच करतात, पण आई, तू? लेकीचा तो 'तू' अजून कानात आहे.

डॉक्टर तिशीतली, गोड. ओठात जेल भरतात, सुईने. तुम्हाला अगदी थोडंच, म्हणाली, कुणाला कळणारसुद्धा नाही, नुसत्या फ्रेश दिसाल. वर्षभरात विरघळतं. मग वाटलं तर पुन्हा.

मला एकच विचारायचं होतं. दुखतं का आणि किती.

"काही नाही हो काकू. मुंगी चावल्यासारखं."

"काळी की लाल?"

ती हसली. मी विनोद करत नव्हते. काळी अंगावरून नुसती जाते. लाल चावली की दिवसभर आग होते. मुंगळा तर तुटतो पण सोडत नाही. यातली कुठली? परत विचारलं तर म्हणाली, आधी बधिर करायचं क्रीम लावतो, टेन्शन घेऊ नका. हे उत्तर नव्हे. शिकाऊ वार्ताहराने अशी बातमी आणली असती तर परत पाठवली असती. 'किती' विचारलंय, 'किती' लिहून आण.

जेवताना आठवत बसले. कान टोचताना मुंगी. तांबी बसवताना मुंगी. छातीतल्या गाठीत सुई घातली तेव्हाही मुंगी, आणि मी टेबलाची कड धरून नखं मोडली. बा.ना मुतखडा झाला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते? भयंकर वेदना असतात हो, भलेभले लोळतात. त्यांना कुणी मुंगी दिली नाही.

आमच्या जैन घरात वारुळापाशी पीठ-साखर घालतात. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालायला शिकलो. आणि बायकांची सगळी दुखणी त्या बिचारीच्या नावावर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सातारा

विजयाकडे. शाळेपासूनची. नवरा फौजेतून निवृत्त, हॉलमध्ये टीव्हीवर सीमेची राखण करतो. दोन वर्षांमागे हिचं तोंड अचानक भरलं होतं. नवी कवळी बसवली म्हणाली होती, आम्ही सगळ्यांनी मान डोलावली होती. आज सरळ विचारलं. तिने उठून स्वयंपाकघराचं दार लावलं.

"दुखतं," म्हणाली. "क्रीम लावलं तरी दुखतं. खालच्या ओठाला सोसतं. वरच्याला, नाकाखाली मधोमध टोचतात ना, तिथं डोळ्यांतनं पाणीच आलं माझ्या. दाताच्या इंजेक्शनपेक्षा जास्त, बाळंतपणापेक्षा कमी. आणि एकदा टोचून होत नाही गं. झालं वाटतं, की परत."

मग सूज. तीन दिवस चहा तोंडात कमी, पदरावर जास्त. कोपऱ्यात निळं पडलं ते आठवडाभर.

का केलंस? लिपस्टिक पसरायची म्हणून. बस्स. मग कवळी कशाला सांगितलीस?

"दात पडले म्हटलं की लोक हळहळतात. ओठ भरले म्हटलं की हसतात."

तिचे सगळे दात शाबूत आहेत. सगळे. दोन वर्षं ही बाई चारचौघांत ऊस खात नाही, खोटं उघडं पडेल म्हणून. साताऱ्यात राहून!

परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत राग तिच्यावरच येत होता, आणि का ते कळत नव्हतं. आतापर्यंत खरं सांगणारी ती एकटी. पण दार लावून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मजकूर दिला. शाळेसमोरच्या रस्त्याला गतिरोधक नाही, त्यावर. मुलाला सोडायला आलेली एक आई गेल्या आठवड्यात तिथे गाडीखाली गेली. चढलेली वाक्यं चार वेळा खाली उतरवली. राग वाचणाऱ्याला यावा, लिहिणाऱ्याने दाखवू नये, हे नव्या पोरांना मीच शिकवलंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

निखिलने त्या मुलीचं नमुन्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. माझाच गतिरोधक. मुलगी देखणी. आवाज स्वच्छ, उच्चार बरे. आणि ती हसते. सुरुवातीला हसते, मध्ये हसते. ती बाई रस्त्यावर पडली त्या वाक्याला सुद्धा ओठांचे कोपरे वरच.

तिचा दोष नाही. तिला कुणीतरी सांगितलं असणार, हसरा चेहरा ठेव.

निखिलला फोन केला. म्हटलं, मला एक संधी दे, मीच वाचते. तो नाही म्हणाला नाही. वीस मार्चला एक रेकॉर्डिंग करू, मग ठरवू. फोन ठेवता ठेवता म्हणाला, ताई, जरा फ्रेश या.

डॉक्टरही फ्रेश म्हणाली होती. मी काय मेथी आहे?

२२ फेब्रुवारी, शनिवार

अक्का आली फलटणहून. थोरली बहीण. नवी हळद निघाली की दरसाल येते, वर्षाची घेऊन जाते, दुकानात माल हाताळून बा.चा जीव खाते. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि पायरीवर बसलो. तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं कपाळावर हात मारेल.

"ते भरत्यात ते कशाचं असतंय? जिवाचं तर न्हाई?"

मी आधीच विचारून ठेवलं होतं. प्राण्यापासून काढलेलं नाही, जंतूंकडून तयार करून घेतात. अक्का म्हणाली, जंतू म्हंजी जीवच की. मग बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत बसली. "पर दह्यातबी असत्यात," म्हणाली, आणि प्रश्न निकालात काढला.

मग आईचा विषय निघाला. म्हातारपणी आईचं तोंड असंच झालं होतं, मला आठवतं. आमचे वडील, दादा, आल्यागेल्याला सांगायचे, हिचं तोंडच तसलं आहे, मनावर घेऊ नका. मी अक्काला म्हटलं, तेच माझं झालंय. राग नसताना रागीट दिसायचं.

अक्काने सुपारी खाली ठेवली.

"आई रागातच हुती की गं. जलमभर. दादांनी समदं त्वांडावर ढकललं, म्हून कुनी इचारलंच न्हाई कशापायी."

ती पुढे म्हणाली, "तुला तर रोज इचारत्यात. मग सांगत का न्हाईस?"

मी अडकित्ता उचलून उरलेली सुपारी कातरायला घेतली.

आत जाताना दारात थांबून हळूच विचारलं तिने, मलाबी करता यील काय ते? मी म्हटलं, अक्का, सत्तरीला आलीस, तुला कशाला?

"तुला कशाला हाय?"

तिला 'तू?' म्हटलंच की मीसुद्धा. मृणालसारखं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

परत डॉक्टरीणबाई. अक्का सोबत, फलटणला जायचं नाव नाही. वीस मार्चला चेहरा नीट हवा तर दोन आठवडे आधी करायला हवं, सूज पूर्ण उतरायला. सहा तारीख दिली.

मी म्हटलं, तारीख ठीक आहे. आता खरं सांगा. तुम्ही स्वतः करून घेतलंय?

हो म्हणाली.

"दुखलं?"

टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. मग तिचा आवाजच बदलला, गोडवा गेला आणि माणूस आला. "खूप दुखलं. वरच्या ओठाला. मी ताईंचा हात इतका आवळला की त्यांना वळ उठले." ताई म्हणजे तिथली नर्स. ती मागे उभी राहून हसत होती, मनगट चोळत.

मग मुंगी का सांगता?

"खरं सांगितलं तर बायका येत नाहीत, काकू."

"येतात," मी म्हटलं. "बायका येतात हो. आयुष्यभर येतच असतात. फक्त सांगून टोचा."

माझा आवाज चढला होता. बाहेर बसलेल्या दोघी आत बघायला लागल्या. मला वाटलं लाज वाटेल. नाही वाटली. अक्काने पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला न देता डॉक्टरला दिली.

४ मार्च, मंगळवार

मजकूर दिला. शीर्षक 'मुंगी'. कान, तांबी, गाठ, दात, ओठ, सगळं घातलं. मुतखडाही. एकही वाक्य खाली उतरवलं नाही. विजया त्यात नाही. तिची कवळी तिच्यापाशीच. निखिलला सोबत लिहिलं: वीस तारखेला हेच वाचणार, आणि मीच.

बा.ना आधी वाचायला दिलं. मुतखड्यापाशी थांबले. चष्मा काढून म्हणाले, हे छापणार? सगळं गाव वाचंल. मी म्हटलं, वाचू दे. ते म्हणाले, तू भलतीच रागावलेली दिसतीस यात.

हो, म्हटलं.

या घरात हे उत्तर कधी आलेलंच नाही. उठून त्यांनी चहा टाकला. गोड मिट्ट. प्याले.

संध्याकाळी निखिल: ताई, हे फार पर्सनल होतंय. आणि रागीट. वर विचारून सांगतो.

रागीट. एकदाचं बरोबर ओळखलं, आणि तेही चेहरा न बघता, कागद वाचून.

६ मार्च, गुरुवार. दवाखान्यात

क्रीम लावून बाहेर बसवलंय. बोलायचं नाही, पोटात जाईल. म्हणून लिहितेय. ओठ आहेत की नाहीत कळत नाही, जाड, परक्याचे. जीभ लागली तिथे जीभही बधिर.

सकाळी निखिलचा निरोप. वरून अजून उत्तर नाही. पण वीस तारखेला या म्हणतोय, 'मुंगी' वाचा, कॅमेऱ्यासमोर कसं दिसतं बघू.

कसं दिसतं. तो लेख कुठल्या तोंडाने वाचायचा? टोचून घेतलं तर कोपरे वर जाऊन वाचीन, त्या मुलीसारखी. न टोचता वाचलं तर काकू लय चिडल्यात. पण चिडलेय तर आहेच. आणि लिपस्टिक पसरते हेही तितकंच खरं. विजयाचं तोंड छान दिसतं. मला तसं हवंय. दोन्ही हवंय, राग आणि ओठ. कुणी म्हटलं की एकच मिळेल?

डॉक्टर मघाशी येऊन गेली. काकू, वरच्या ओठाला खूप दुखेल, म्हणाली, हात हवा तर ताई आहेत. बाहेर बसलेल्या सगळ्यांच्या देखत, दार उघडं ठेवून. एक पोरगी उठून गेली. बाकीच्या बसल्यात.

अक्का शेजारी. ठेवणीतलं लुगडं नेसून आलीय, का ते सांगत नाही. माझ्याकडे निरखून बघते आणि विचारते, रागावलीस व्हय? बोलता येत नाही म्हणून मान हलवली. व्हय.

"मग उतरू दिऊ नगंस," म्हणाली.

आतून नाव पुकारलं. माझं. मी वही मिटायच्या आत अक्का उठून उभी राहिलीय, पिशवी काखेला मारून.