राजनने झेल धरला की सोडला

अबुधाबी,
फेब्रुवारी २००९

प्रिय कृष्णे, थोरलीचे आशीर्वाद घे. गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधतेस की नुसती कण्हतेस? भावोजींना नमस्कार. (माझ्या मागच्या पत्राला त्यांनी उत्तर धाडलं नाही, हे माझ्या लक्षात आहे.)

इथे मंदी आलीय. समोरच्या बेटावर पंचवीस-तीस क्रेना नुसत्या उभ्या. दुपारच्या धुरकट उन्हात खाडीतल्या बगळ्यांसारख्या दिसतात, बघता बघता डोळा लागतो. राजनच्या कंपनीतून रोज दोघे-चौघे घरी जातात, काढायच्यांची पुढची यादी गुरुवारी लागायची आहे. त्यांचा साहेब अमेरिकन. दर शुक्रवारी (तो इथला रविवार) सगळ्या हापिसाला गवतावर नेऊन आपल्या देशाचा फुटबॉल खेळवतो. (नाव फुटबॉल, खेळतात हाताने. चेंडूही गोल नाही.) साहेबाने फेकलेला चेंडू जो झेलील त्याचं नाव यादीत येत नाही, असा हापिसात समज. म्हणून बेचाळीस वर्षांचा, ढेरी सुटलेला माझा मुलगा महिनाभर बैठकीच्या खोलीत पपईचे झेल घेत होता, आकार तोच म्हणून. सूनबाई शोभना सोफ्यावर उभी राहून फेकायची. एक पपई बारा दिरहमची, म्हणजे आपले दीडशे रुपये. सुटेल ती खायची. महिनाभर आम्ही पपईच खाल्ली.

नियम मला खैरुद्दीनने समजावले. हा हैदराबादचा, स्टोअरमध्ये कारकून. नियम छापून आणणारा एकटाच, म्हणून पंच. चेंडू हातात आला म्हणजे झेल झाला असं नाही. दोन्ही पाय रेघेच्या आत टेकले पाहिजेत. पडता पडता धरला असेल तर पूर्ण पडून होईपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर धरलाच नव्हता असं धरतात. पण तोच चेंडू आधीपासून हातात घेऊन कोणी पळत आला, आणि शेवटच्या रेघेवरच्या हवेत चेंडूचं नुसतं टोक शिरलं, की सहा गुण. मग चेंडू पडो की फुटो. त्याला टचडाऊन म्हणतात, आणि त्यात काहीही खाली टेकवायचं नसतं. मी विचारलं, एकाला अंगभर जमीन लागते आणि दुसऱ्याला हवा पुरते, हा कुठला न्याय? तर म्हणाला, "अम्मा, मैंने नहीं बनाया. मैं सिर्फ सीटी बजाता हूँ."

गेल्या शुक्रवारी माझी खुर्ची शेवटच्या रेघेला लागून होती. मी ना झोपेत ना जागी. तेवढ्यात साहेबाने फेकला. कृष्णे, तो चेंडू स्वतःभोवती फिरत पांढऱ्या आभाळात चढला आणि खाली यायचं विसरलाच जणू. खाली राजन तोंड वर करून धावत होता, आणि घटकाभर तो मला बेचाळीसचा वाटेना. (ऊन डोक्यात गेलं असणार.) मग त्याने उडी घेतली, चेंडू पोटाशी धरला, आणि आडवा पडताना त्याचा पाय माझ्या गुडघ्याला लागला.

आता आईला पाय लागला की आपल्यात काय करतात? त्याने तेच केलं. धड पडूनही झाला नव्हता, तोच चेंडूवरचा हात काढून माझ्या गुडघ्याला लावला आणि कपाळाला लावला. चेंडू घरंगळत गेला.

खैरुद्दीनची शिट्टी. साहेब विचारतोय, हातात होता तो सोडलास का? राजन इंग्रजीत पाय, आई, पाप असं काहीबाही सांगतोय. खैरुद्दीनने कागद उलटसुलट वाचले, नमस्काराची सूट कुठे सापडेना. अर्धा तास हुज्जत चालली. शेवटी साहेब म्हणाला, सगळ्यांत जवळ म्हातारी होती, तिलाच विचारा. राजन माझ्यापुढे उकिडवा बसला. "आई, धरला होता ना मी?"

"सुटला," मी म्हटलं. "पपई असती तर खावी लागली असती."

घरी येताना गाडीत शोभना एवढंच म्हणाली, की धरला म्हणाला असतात तर तुमचं काय गेलं असतं? मी म्हटलं, डोळ्यांनी पाहिलं त्यावर मी खोटं बोलत नाही, नोकरी गेली तरी.

तुझी अक्का

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि गुरुवार उजाडला. यादीत राजनचं नाव आहे. त्याच्या वर साहेबाचं आहे. (फेकला मात्र त्याने उत्तम होता.)

आणखी एक ता. क., आणि पत्र यासाठीच. मार्चअखेर आम्ही सगळे येतो. माझ्या दोन खोल्या झाडून ठेव. आणि गावात आजपासून सांगायला लाग, की अक्काच्या छातीत कळा येतात, तिला तिकडची हवा सोसेना, म्हणून पोरगा एवढी नोकरी सोडून आईला घेऊन येतोय. मी ठणठणीत आहे. कळ डाव्या बाजूला सांग, मीही डावीच सांगेन. राजनला यातलं अक्षर कळू देऊ नकोस.