दौलतची खुर्ची

प्रिय अर्सलान,

दौलतला आपल्या दोघांच्या नावावरच्या बोटदुरुस्तीच्या कारखान्यात भागीदार करायला माझी संमती हवी, म्हणून तू गेल्या जुम्म्याला उम्म अल कुवैनहून इथे रुवैसपर्यंत, अमिरातीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, आलास. तुझ्या बहिणीने, अजराने, सुरमई तळली होती, ती तू उभ्यानेच खाल्लीस आणि म्हणालास, "अब्बा, खुर्ची मिळाली की माणूस मवाळ होतो. आणि प्लीज, इटलीचं लेक्चर नको." रत्नागिरीच्या कॉलेजात मी आयुष्यभर तेच लेक्चर दिले. तू कधी बसला नाहीस. आता बस.

इटली पहिल्या महायुद्धात विजयी बाजूला होती. तरी तिचे चलन लिरा घसरले, पाव महागला, घरी परतलेले सैनिक बेकार हिंडू लागले. मजुरांनी संप केले. १९२० च्या सप्टेंबरात उत्तरेतले कारखाने ताब्यात घेतले. मग तडजोड झाली आणि ते कामावर परतले. विद्यार्थी नेमके इथे चुकत. क्रांती दारात होती म्हणून मालकांनी मुसोलिनीच्या काळ्या सदऱ्यांच्या फॅसिस्ट टोळ्या पोसल्या, असे लिहीत. मी गुण कापत असे. टोळ्या माजल्या त्या लाट ओसरू लागल्यावर. मालकांना संरक्षणाहून अधिक हवा होता, आपण घाबरलो होतो याचा सूड. त्यांनी पैसा दिला, ट्रक दिले. टोळ्यांनी मजूर संघटनांची कार्यालये जाळली, माणसांना बळजबरीने एरंडेल पाजले.

तुझ्याकडे काय झाले? भाडी वाढली, पगार तेच राहिले, म्हणून वेल्डरांनी काम थांबवले. तू वाढ कबूल केलीस, ते परतले. खलास. दौलतला तू त्यानंतर मुकादम म्हणून आणलेस. सर्वांच्या वतीने तुझ्याशी बोलणाऱ्या अर्शला त्याने भर ऑगस्टच्या दुपारी लोखंडी पत्र्यावर अनवाणी उभे केले. तू केबिनमधून पाहत होतास. मी विचारले तेव्हा हसलास: "एरंडेल तर नाही ना पाजलं?"

आता दौलत तुझ्याच टेबलावर पाय टाकून "यल्ला, हबीबी, चहा मागव" म्हणतो, असे तुझ्या बायकोने, सुमैय्याने, मला सांगितले. म्हणजे तू त्याला घाबरतोस. खुर्ची तू त्या भीतीपोटी देतो आहेस. इटलीच्या वृद्ध पंतप्रधानांनीही १९२१ मध्ये फॅसिस्टांना आपल्या निवडणूक आघाडीत घेतले, संसदेत बसले की शहाणे होतील म्हणून. पुढच्याच वर्षी राजाने मुसोलिनीला सरकार बनवायला बोलावले. तो रोमला लढत नव्हे, आगगाडीच्या शयनयानातून आला. दार आतून उघडले गेले होते.

दोष दौलतचा, तू त्याला केवळ वापरलेस, हा तुझा युक्तिवाद मी शेकडो उत्तरपत्रिकांत नापास केला आहे. मुलगा म्हणून तुला वाढीव गुण नाहीत. संमती देत नाही.

काल मी उम्म अल कुवैनला येऊन गेलो. तुला कळवले नाही. अर्शच्या पायांना अजून पट्ट्या आहेत. त्याला आधार देत मी पोलीस ठाण्यात नेले. त्याने फक्त दौलतचे नाव सांगितले. नोकरी तुझ्याकडे, म्हणून तुझे नाव घ्यायला तो घाबरला. ते मी घेतले, आणि दौलतच्या वर लिहायला लावले. तुला आता देश सोडता येणार नाही, असे अधिकारी म्हणाला. वकील चांगला कर. त्याला सांग, तुझ्याविरुद्धचा पहिला साक्षीदार वृद्ध आहे, पण उलटतपासणीत डगमगणार नाही.

तुझाच,
अब्बा