ज्ञानेश्वरीनं काढलेलं घर

लातूर,
२ मार्च २०२५

देविदासदादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. थोरल्या राजकन्याचं लग्न जमलं, लई आनंद झाला. येत्या रविवारच्या साखरपुड्याची गडबड असेल. वहिनीला म्हणावं, फार दगदग करू नको.

मी अंध मुलांना चित्रकला शिकवते म्हटल्यावर तू हसला होतास बघ. आता ऐक. कापडावर खुणा करायचं शिंप्याचं दातेरी चाक असतं ना, त्याला मी लाकडी मूठ बसवली. जाड कागदाखाली घोंगडी घालून फिरवलं की ठिपके उठतात आणि पोरं बोटांनी चित्र बघतात.

माझ्याच वर्गातल्या तुझ्या धाकट्या ज्ञानेश्वरीनं पहिलं आपलं घरच काढलं. मधे दार, दोन्ही अंगांना एकेक खोली, एकीत बारकी पोरगी. आपल्या दाराच्या डावीकडं स्वयंपाकघर, उजवीकडं गोठा. ठिपक्यांतली पोरगी डावीकडं होती. आईजवळ बसलीय म्हणून मला बरं वाटलं.

तिनं बोट फिरवलं नि म्हणाली, "आत्या, हे उलटं झालंय."

खरंच की! ठिपके कागदाच्या मागच्या बाजूनं उठतात, तिथं डाव्याचं उजवं होतं. एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग चाक ठेवून दिलं. रबरावर पातळ प्लास्टिक ताणलं. त्याच्यावर रिकामी रिफिल दाबून ओढली की रेघ तिथंच वर येते. तिनं घर परत काढलं.

पोरगी गोठ्यात होती, दादा.

"ताईला बघाया पाहुणे आले तवा मी तितंच होते," म्हणाली. "बाबा म्हणले, आवाज करू नको." तक्रार नाही, काही नाही. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि परवा तुझा फोन, की तिला साखरपुड्याला आणू नको, परीक्षा हाय म्हणून सांग. धाकटी अंध आहे हे सोयऱ्यांना कळलं तर लग्न मोडेल, ही तुझी भीती मला कळते रे. पण तिच्याशी खोटं बोलवेना. खरं सांगून टाकलं. तर म्हणाली, "मी गोठ्यातच बसते की, आत्या. खोकणार बी न्हाई. पण मला न्या."

फोनवर हे बोलताना रडूच आलं असतं, म्हणून लिहितेय. शनिवारी जळकोटच्या बसनं तिला घेऊन येते. ते चित्र सोबत पाठवलंय. डोळे मिटून एकदा बोट फिरव.

तरी तिला घरात बसवणं तुझ्यानं होत नसेल, तर वैरण जरा बाजूला सार आणि गोठ्यात दोघींपुरती जागा कर.

तिची आत्या,
वर्षाराणी