नव्या सिगडीची मालकी

आज रविवार, दिनांक १८ जानेवारी २००९. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. लोखंडी सीखा लिंबाच्या फोडीने घासून मोजून ठेवल्या (बेचाळीस), हात दोनदा धुतले आणि हे लिहायला बसलो.

मी, शाकीब वल्द वली, वय २४, धंदा हातगाडीवर सीख कबाब, राहणार अकोला, हे स्वतःच्या हाताने लिहितो. शिक्षण नववी नापास, पण शुद्धलेखनात गुण गेलेले नाहीत. डोके ठिकाणावर आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. परवा मंगळवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, पाऊण तासाचे काम. मी घाबरलेलो आहेच. पण काल शनिवारी नव्या सिगडीवर एकाहत्तर प्लेट गेल्या! त्या सिगडीचे काय होणार हे ठरल्याशिवाय मला भूल घेता येणार नाही.

कलम १. अब्बांनी सत्तावीस वर्षे ही गाडी चालवली. गिऱ्हाइकांना जळकी कड आवडायची, पण पार कोळसा झालेले कबाब विकता येत नसत. ते अब्बा घरी आणून स्वतः खात. टाकून देणे त्यांना जमत नसे. तीन वर्षांपूर्वी ते आतड्याच्या कॅन्सरने गेले. मी डॉक्टरांना विचारले, कबाबामुळेच का? ते म्हणाले, "एका माणसाबद्दल असं बोट ठेवता येत नाही. पण चरबी निखाऱ्यावर पडून उठणारा धूर आणि करपलेला भाग, दोन्ही टाळलेले बरे. धोका कमी होतो, शून्य होत नाही." हे मी जसेच्या तसे उतरवून घेतले होते.

पुढे दोन वर्षे काहीच केले नाही. कापसाचे चुकारे अडकले की खेड्यातली गिऱ्हाइके अर्धी प्लेट मागत, मग मी स्वस्त, जास्त चरबीचा खिमा घेई आणि धूर आणखी वाढे. हे माझे चुकले.

रस्त्यापलीकडे दुर्गाबाई भरताची वांगी भाजून विकतात. पातूरकडच्या, शेत ठेक्याने देऊन इकडे आल्या. एक दिवस वांगे सोलता सोलता त्या म्हणाल्या, "शाकीब, आपुन वांग्याचं काळं सोलून फेकतो, अन तू तेच काळं लोकायले इकतं. काहून बे?"

त्याच आठवड्यात मी वहीत नकाशा काढला आणि अमरावतीला राजापेठेत विपुल पत्रेवाल्याकडे गेलो. निखारे दोन बाजूंच्या खणांत, मधोमध पाण्याचे ताट, सीखा ताटावर. चरबी पाण्यात पडते, धूर उठत नाही. विपुल म्हणाला, "एवढ्या पत्र्यात तं तिजोरी होते भाऊ." पण केली! येताना एस.टी.च्या कंडक्टरने सिगडीचे अर्धे तिकीट फाडले.

कलम २. माझे लग्न झालेले नाही. मौलवींना विचारून खात्री केली आहे की माझ्यामागे अम्मी अकीला यांना एक भाग आणि चाचा गुलफाम यांना दोन भाग जातील. त्यात माझी लेखणी चालत नाही. फक्त एक तृतीयांश मी वारस नसलेल्या माणसाला देऊ शकतो. चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ, अब्बांसोबत याच गाडीवर उभे राहिलेले. नवी सिगडी आल्यावर त्यांनी भर रस्त्यात गिऱ्हाइकांना सांगितले, "ये कबाब है कि मरीज का नाश्ता?" त्या आठवड्यात रोजच्या साठ प्लेटच्या बावीस झाल्या, गिऱ्हाइके मग हळूहळू परतली. गाडी त्यांच्याकडे गेली, तर दुसऱ्या दिवशी जुनी सिगडी पेटेल, आणि उरलेले काळे अम्मी खाईल. तिलाही टाकवत नाही.

म्हणून नवी सिगडी मी दुर्गाबाईंना देतो. त्या माझ्या वारस नाहीत, आणि चाचांना भीत नाहीत. किंमत तृतीयांशाच्या आत बसते, हिशेब दोनदा केला. अट एकच: अम्मीला ती वापरू द्यावी. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आधी जिता वापस ये, मंग देजो."

कलम ३. वापरणाऱ्याने खिमा कमी चरबीचा घ्यावा. दही, लसूण, लिंबू लावून दोन तास ठेवावा. आधी अर्धवट वाफवावा, म्हणजे आचेवर कमी वेळ राहतो. जाळ सरून निखारा झाल्याशिवाय सीख ठेवू नये. तीस मोजून सीख फिरवावी. कड करपली तर कापून टाकावी, घरी नेऊ नये. नकाशा जो मागेल त्याला फुकट द्यावा.

कलम ४. एवढे लिहून झाले आणि चाचा आले.

"क्या लिख रहा बे?"

"वसीयत."

"हर्निया के वास्ते? लोग तो दाढ़ी बनाने जैसे जाते हैं."

त्यांना मराठी वाचता येते. वही ओढून त्यांनी उभ्याउभ्या वाचली. मला वाटले, फाडतील. पहिल्या कलमावर ते थांबले आणि स्टुलावर बसले.

"वो जले वाले," ते म्हणाले, "भाईजान अकेले नहीं खाते थे. आधे मैं खाता था."

मग खूप हळू, "मेरी भी जाँच होती क्या वहाँ?"

मी म्हटले, होते. मंगळवारी माझ्याबरोबर चला. ते येणार आहेत. जाताना म्हणाले, "दे एक प्लेट, देखूँ तेरा नाश्ता." मी सिगडी पेटवली, तीस मोजत फिरवली. त्यांनी चारही कबाब खाल्ले आणि मीठ कमी आहे म्हणाले.

कलम २ तरीही बदललेले नाही.

खाडाखोड दोन ठिकाणी, तेथे सही केली आहे. वरील सर्व वाचून, समजून, माझ्या मर्जीने.

(सही) शाकीब वल्द वली
साक्षीदार १: विपुल पत्रेवाला, राजापेठ, अमरावती (आज सिगडी पाहायला आला होता)
साक्षीदार २: गुलफाम चाचा. सही उर्दूत.
ठिकाण अकोला. दिनांक १८ जानेवारी २००९, दुपारी अडीच.

सिगडीचा खर्च: पत्रा व वेल्डिंग १,८५०, जाळी २६०, वाया गेलेले पहिले ताट २७२, अमरावतीच्या तीन फेऱ्या ३३०, सिगडीचे तिकीट २८. एकूण २,७४० रुपये.
देणे: विपुल, ४०० रुपये.
चाचांच्या तपासणीसाठी बाजूला काढले: ६०० रुपये.
येणे: गुलफाम चाचा, नव्या सिगडीवरची प्लेट, पहिलीच, २० रुपये.