संस्थापकांचा एकमेव अस्सल फोटो

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याने पायांवर डोकं ठेवलं आहे असं समजून घे. (गुडघ्यामुळे हल्ली प्रत्यक्षात वाकवत नाही, म्हणून ते पत्रातच उरकतो.) तुझा खोकला कसा आहे? डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुला भिंतीतल्या भेगा दिसू लागल्या आणि तू घरमालकाला वात आणलास, असं तुझ्या धाकटीने कळवलं. वाचून बरं वाटलं. म्हणजे दृष्टी सुधारली. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे मुलगी मजेत आहे. आमची ही चार दिवस माझ्याशी बोलत नाही, आणि येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता माझी नोकरी जाण्याचा संभव आहे. बाकी सर्व क्षेम.

तुला माहीतच आहे, गेली सोळा वर्षं मी इथल्या वाचनालयाचा ग्रंथपाल आहे आणि (पगार न वाढवता) संस्थापक-दालनाचा प्रमुखही आहे. दालन म्हणजे जिन्याच्या वरची खोली. तिच्यात संस्थापकांची खुर्ची, त्यांची दौत, त्यांचा एक बूट (दुसरा कुठे गेला यावर दोन निबंध छापून आले आहेत) आणि समोरच्या भिंतीवर त्यांचा एकमेव फोटो. काळा कोट, झुपकेदार मिशी, वर उचललेली हनुवटी, पुस्तकावर ठेवलेला हात. हाच चेहरा वाचनालयाच्या शिक्क्यावर आहे, शाळेच्या वह्यांवर आहे, आणि संस्थापकांचे पणतू, म्हणजे आमचे अध्यक्ष, यांनी तर अगदी तशी मिशी वाढवून तो स्वतःच्या तोंडावरही आणला आहे. लोक म्हणतात, नाक हुबेहूब पणजोबांचं. मी स्वतः या फोटोवर चौसष्ट पानांची पुस्तिका लिहिली आहे. संस्थापकांबद्दल दुसरी काही माहितीच उपलब्ध नसल्यामुळे मी सगळा स्वभाव चेहऱ्यावरून काढला. 'मर्दानी करारीपणा' हे शब्द तिच्यात अकरा वेळा आले आहेत. हे मोजायची वेळ माझ्यावर आली, यावरून पुढचं ओळख.

झालं असं, की जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज पेपर वाचायला येतात. खिशात कायम भिंग, म्हणून आम्ही त्यांना भिंगवालेच म्हणतो. आयुष्यभर लोकांची कुंपणं सरकवून झाली, आता काय सरकवावं या विवंचनेत ते वरच्या दालनात गेले आणि तासाभराने खाली येऊन मला म्हणाले, की संस्थापक वारले त्यानंतर सत्तावीस वर्षांनी गावात पहिला कॅमेरा आला. मी म्हटलं, संस्थापक काळाच्या पुढे होते. (पुस्तिकेत पान बारावर तसं आहे.) दुसऱ्या दिवशी त्यांनी दाखवलं, की संस्थापकांच्या डाव्या खांद्यामागे भिंतीवर विजेच्या दिव्याचं बटण आहे. मी म्हटलं, फारच पुढे होते.

प्रकरण समितीपुढे गेलं. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि सुचवलं, की फोटो डोळ्यांसमोर आहे, मृत्यूची तारीख मात्र कोणी पाहिलेली नाही. तेव्हा तारीखच साठ वर्षं पुढे न्यावी. चिटणीस म्हणाले, मग संस्थापक एकशे नऊ वर्षं जगले असं होतं. त्यावर अध्यक्ष म्हणाले, प्रकृती दणकट होती, फोटोत दिसतंच आहे. ठराव मंजूर होणार एवढ्यात भिंगवाल्यांनी फोटो खाली उतरवून टेबलावर ठेवला आणि मला भिंग देऊन म्हणाले, "ही करंगळी बघा. हा पुरुषाचा हात नाही."

मावशी, मी बघितलं आणि भिंग बाजूला ठेवलं. वरच्या पेरापासून बाहेर वळलेली ती करंगळी. तुझ्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, तिकडच्या फोटो-स्टुडिओच्या दारात सापडून वाकडी झालेली, डॉक्टरने सरळ करू म्हटल्यावर "राहू दे, माझं काही अडत नाही" म्हणून तू तशीच ठेवलेली. लहानपणी थपडा खाताना ती माझ्या गालाच्या इतक्या जवळून गेली आहे, की मी डोळे मिटून ओळखली असती. डोळे उघडे ठेवून मात्र सोळा वर्षं मी तिच्यावरची धूळ पुसतो आहे आणि पान एकोणचाळीसवर लिहून बसलो आहे, की ती 'तलवारीची मूठ पेलून वळलेली' आहे.

मग मी वाचनालयाच्या माळ्यावरची जुनी पत्रं उपसली. काकांची रीत तुला सांगायला नकोच. गिऱ्हाईक रिकामी चौकट विकत घेत नाही, म्हणून ते प्रत्येक चौकटीत घरातलाच एक फोटो नमुना म्हणून घालायचे. (बाळांच्या गोल चौकटीत मी तीन वर्षं होतो.) दिव्यांचा उजेड बघायला तू नाटकवाल्यांचा कोट आणि मिशी चढवून बसायचीस, तेही आठवतं. तर फायलीत काकांच्या सुरेख अक्षरातलं पत्र सापडलं: संस्थापकांसाठी मागवलेली चौकट पाठवत आहे, आतील फोटो केवळ नमुन्यादाखल असून आपला फोटो मिळताच बदलून घ्यावा. खाली तेव्हाच्या चिटणिसांचा शेरा: 'फोटो मिळाला. आवडला. टांगला.' काका पडले भिडस्त. अनावरणाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवून आले असतील, आणि घरी तुला काही बोलले नसतील.

तर समितीने फर्मावल्याप्रमाणे गुरुवारच्या बैठकीत मला फोटो अस्सल असल्याचं सहीनिशी लिहून द्यायचं आहे. नाही दिलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर वाचनालयामागच्या आमच्या दोन खोल्याही जाणार. हिचं म्हणणं, सही करायला काय हाताला फोड आलेत? पण मावशी, आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि तुझ्या फोटोखाली मी खोटी सही करू? माझ्याने होणार नाही. आणखी एक सांगतो. रोज सकाळी दालन उघडलं की त्या फोटोपुढे मला उगाच बरं वाटायचं, घरी आल्यासारखं. मला वाटायचं, हा संस्थापकांचा थोरपणा. ती तू होतीस. म्हणून मी ठरवलं आहे, जे असेल ते खरं सांगायचं, मग बिऱ्हाड डोक्यावर घ्यावं लागलं तरी चालेल. तुझा आशीर्वाद असू दे.

तुझाच,
भाचा

ता. क. वरचा मजकूर भावनेच्या भरात लिहिला. रात्री शांत विचार केला. अध्यक्ष संस्थापकांचा पुतळा करवून घेत आहेत आणि शिल्पकार म्हणतो, एका बाजूने काढलेला फोटोही हवा. कोटाची पेटी तुझ्याकडेच असेल. मिशी लावून डाव्या बाजूने एक फोटो काढून पाठव. काळा-पांढरा असावा आणि चष्मा नको. सुरकुत्यांची काळजी करू नकोस, आता संस्थापक एकशे नऊ वर्षं जगणार आहेत.

ता. क. २. (शुक्रवार) वरचा ता. क. रद्द समज. काल बैठकीत खोटं बोलायला माझी जीभ वळली नाही आणि मी काकांचं पत्र वाचून सगळं सांगून टाकलं. अध्यक्ष मिशीला हात लावून बसले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या मावशी खऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, आहेत. "मग फोटो खोटा कसा?" ठराव एकमताने झाला: दालनातील फोटो अस्सल आहे, तो कोणाचा, हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही. मी डोळे पुसत सही केली. ही आता माझ्याशी बोलते.

ता. क. ३. भिंगवाल्यांचं समाधान झालेलं नाही. ते म्हणतात, मावशीचाच फोटो याला तरी पुरावा काय? समितीने त्यांना फोटो घेऊन तुझ्याकडे पाठवायचं ठरवलं आहे, आणि त्यांचा अहवाल येईपर्यंत माझी नोकरी टांगणीला आहे. पोस्टाने पत्र वेळेत पोहोचणार नाही म्हणून हे पाकीट त्यांच्याच हाती देतो आहे (डिंक दोनदा लावला आहे). म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा ते समोर बसून भिंगातून तुझ्याकडे बघत असतील. हसू नकोस, हलू नकोस, आणि घरमालकाला बोलतेस तसं त्यांना बोलू नकोस. अध्यक्षांनी निघताना त्यांना बजावून सांगितलं आहे, की फोटो सगळ्या गावाने एक्केचाळीस वर्षं रोज बघितला आहे, मावशींना मात्र इथे कोणीच बघितलेलं नाही. तेव्हा दोन्ही जुळली नाहीत, तर मावशीच बनावट आहेत असं लिहावं.